पगाराचा आवाज

"आज नका येऊ, आई. ती म्हणते, आज राहू दे," जावई फोनवर म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तर बाई मुकाट्याने आपल्या घरी गेल्या असत्या. पण सासूचं मन राखायला आणखी काहीतरी बोलावं असं त्याला वाटलं असणार. "काळजीचं काही नाही हो. दमलीये नुसती. बाळ रडलं तरी तिला ऐकू येत नाही, इतकी दमलीये." बाई बसथांब्यावर उभ्या होत्या. ड्यूटी संपली होती, बूट काढून चपला घातल्या होत्या, पिशवीत बाळासाठी धुऊन मऊ केलेली सुती फडकी होती. "बरं बरं, झोपू दे तिला," असं म्हणून त्यांनी फोन ठेवलासुद्धा. जावयाशी बोलताना आवाजात रुसवा येऊ द्यायचा नाही, हे त्यांनी लेकीच्या लग्नापासून पाळलं होतं. बस आली, दार उघडलं, मागच्या माणसाने "चढताय का मावशी?" म्हणून विचारलं, तेव्हा बाईंचा एक पाय पायरीवर होता आणि एक रस्त्यावर. ऐकू येत नाही म्हणजे काय? त्या माणसाने पुन्हा विचारलं. बाई चढल्या, पण बस कुठली हे बघायचं राहूनच गेलं.

बस लेकीच्या घराकडे जाणारी होती. पाय रोजच्या सवयीने तिकडेच गेले होते. खिडकीजवळची जागा मिळाली, पिशवी मांडीवर घेतली, आणि मग ते वाक्य त्यांच्या डोक्यात नीट बसायला लागलं. हे वाक्य त्यांच्या चांगल्याच ओळखीचं होतं. नव्या नर्स पोरी बाळंतिणींच्या वॉर्डात आल्या की बाई त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगत, नातेवाईक खोटं बोलत नाहीत गं, सोयीचं बोलतात. कुणी म्हणालं, हल्ली फार शांत झालीये, तर कान टवकारा. कुणी म्हणालं, कुणालाच त्रास देत नाही बिचारी, तर उठा. आणि कुणी म्हणालं, बाळ रडलं तरी तिला ऐकू येत नाही, तर हातातलं काम टाकून तिच्याजवळ जाऊन बसा. कारण दमलेल्या बाईला ऐकू येतं. ती चिडते, रडते, नवऱ्याला शिव्यांची लाखोली वाहते, उशी डोक्यावर घेते, पण ऐकू येतं तिला. बाई हे इतक्या वेळा सांगत की नव्या पोरी जेवणाच्या सुट्टीत त्यांची नक्कल करत, कमरेवर हात ठेवून, चष्मा नाकावर घसरवून. आणि आज तेच वाक्य त्यांच्या पोटच्या पोरीबद्दल त्यांच्या कानात पडलं, तर त्या काय म्हणाल्या? बरं बरं. शाब्बास, बाई स्वतःला म्हणाल्या. शाब्बास तुझी.

खरं म्हणजे बाईंना दोन कान होते आणि दोघांचं कधी पटलं नव्हतं. आईच्या कानाने फोनवरचं पहिलं वाक्य धरलं, आज राहू दे, आणि तो तिथेच फुगून बसला. नर्सच्या कानाने दुसरं धरलं. आईचा कान म्हणत होता, कालचं लागलंय तिला, दुसरं काही नाही, उगाच मनात पाल चुकचुकू देऊ नकोस, स्वतःच्या लेकीकडे पेशंट म्हणून बघणारी कसली आई तू. नर्सचा कान काही म्हणत नव्हता. त्याला ऐकायची सवय होती, बोलायची नव्हती.

दवाखान्यात त्यांना बिनगोळी म्हणत. एका थट्टेखोर डॉक्टरने पाडलेलं नाव, पण चिकटलं ते चिकटलंच. आता तर पेशंटच्या सासवासुद्धा दारात येऊन विचारत, त्या बिनगोळीच्या सिस्टर आहेत का हो आज? औषधाशी बाईंचं वैर मुळीच नव्हतं. लागेल तिथे डॉक्टरांना पहिली हाक त्यांचीच असे, आणि उशिरा आला म्हणून त्याला झापायलाही त्या कमी करत नसत. पण औषधाच्या आधी आणि औषधाच्या नंतर बाईच्या अंगाशी जे काही करण्यासारखं उरतं, ते सगळं आपल्या वाट्याचं, असं त्या धरून चालत. आणि ते थोडंथोडकं नसतं. आज सकाळचीच गोष्ट. एक पहिलटकरीण, कळा सगळ्या कमरेत, पाठीवर पडली की किंचाळायची. बाईंनी तिला उठवलं, खुर्चीवर उलटी बसवलं, पाठीच्या टेकणावर उशी ठेवून तिचं डोकं तिथे टेकवलं, आणि प्रत्येक कळ आली की तिच्या माकडहाडाच्या वर तळहाताच्या मुळाने दाब दिला. असा तसा नाही, सगळं अंग त्या हातामागे लावून. वरून त्या तिला सांगत होत्या, श्वास कोंडू नकोस, सोड, सोडत राहा, गरम दूध निववतेस तशी फुंकर मार. कळ गेली की हात सैल, कपाळावर ओलं फडकं, एक घोट पाणी. पुन्हा कळ. असं दुपारपर्यंत. शेवटी ती पोरगी म्हणाली, सिस्टर, तुमचा हात काढू नका, तो काढलात की मी मरेन. नाही काढत, बाई म्हणाल्या, आणि काढला नाही. आता बसमध्ये तो हात पिशवीवर पडला होता, आणि मनगटापासून कोपरापर्यंत आतून हलका ठणका लागला होता. बाईंना तो ठणका आवडत असे. दिवस कारणी लागल्याची ती पावती होती.

त्या हाताबरोबर एक आवाज यायचा. हात बाईच्या पाठीवर पडला की तो आवाज आपोआप लागायचा, खालच्या सुरातला, सावकाश, थोडासा हसरा, घाई नसलेला. राणी, म्हणायचा तो. सगळ्या बायकांना राणीच. नावं लक्षात राहत नाहीत म्हणून सुरू केलेली ही युक्ती होती. एका वॉर्डात एवढ्या बायका, कुणाकुणाची नावं ठेवायची ध्यानात? पण होता होता त्या शब्दाला वजन आलं. शाब्बास राणी. होतंय राणी. रड की राणी, कोण बघतंय. ज्यांना आयुष्यात कुणी राणी म्हटलं नव्हतं त्या बायका हे ऐकून आधी हसत आणि मग खरोखरच रडत. बाईंना कधी कधी वाटे, हा आवाज आपला नाहीच. तो लेबर रूमच्या दाराशी टांगलेला असतो, आत जाताना अंगावर घ्यायचा, बाहेर पडताना उतरवून ठेवायचा.

लेकीने तो आवाज लहानपणीच ऐकला होता. शाळा सुटली की ती थेट दवाखान्यात यायची. घरी तिला बघायला कोणी नव्हतं. तिचे बाबा ती चालायला लागायच्या आतच गेले होते. नर्सेसच्या टेबलाच्या कोपऱ्यात बसून ती पाढे लिहायची, आणि पडद्यापलीकडून येणारे आवाज ऐकायची. किंचाळणं ऐकून ती घाबरली नाही कधी. सगळ्या सिस्टर म्हणत, काय शहाणी पोर आहे हो तुमची, आहे की नाही पत्ताच लागत नाही. बाईंना त्याचा कोण अभिमान. आणि घरी गेल्यावर बाई बोलत नसत. बोलत नसत म्हणजे भांडत वगैरे नसत, पण दिवसभर आवाज वापरून वापरून घसा असा कोरडा पडलेला असे की घरात हो, नाही, जेव, झोप, एवढेच शब्द उरत. एकदा जेवता जेवता पोरीने विचारलं, आई, घरी तू त्या आवाजात का बोलत नाहीस? बाई त्या दिवशी फार दमल्या होत्या. त्या म्हणाल्या, अगं, तो पगाराचा आवाज आहे. आणि हसल्या. पोरगीही हसली. पुढे घरात ती थट्टाच होऊन बसली. बाईंनी कधी लाडीगोडी लावली, की लेक मान वेळावून म्हणायची, आई, पगाराचा आवाज नको हं. बाई लगेच जीभ चावायच्या. इतकी वर्षं ही थट्टा चालली, आणि ती थट्टा आहे याबद्दल बाईंना कधी शंका आली नाही.

म्हणून लेकीला दिवस गेले तेव्हा तिने दुसऱ्याच दवाखान्यात नाव घातलं, यात बाईंना नवल वाटलं नाही. वाईट वाटलं, चांगलंच वाटलं, पण नवल नाही. लेक म्हणाली, मला तुझी पेशंट व्हायचं नाही, तू आपली आई हो फक्त. बाईंनी ते अगदी शब्दशः घेतलं. हाडाचा नर्सपणा बांधून माळ्यावर टाकला. लेकीचे पाय सुजलेले दिसले तर, पाय उशीवर घे, एवढंच कुणी शेजारीण म्हणेल तसं म्हणायचं. पाठ दुखते म्हणाली तर, डाव्या कुशीवर झोप गं, आणि विषय बदलायचा. बाळंतपणाच्या दिवशी त्या बाहेरच्या बाकावर बसल्या, इतर आया बसल्या होत्या तशाच, आणि आत परकी नर्स लेकीला, ढकला, ढकला, असं ओरडून सांगत होती ते ऐकत राहिल्या. असं ओरडतात का? बाईंचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि उजवा हात आपोआप मांडीवर दाब देत होता. मुलगी झाली, गोरीगोमटी, ठणठणीत. सगळं सुखरूप झालं म्हणून बाईंनी देवाचे आभार मानले, आणि आपण काही बोललो नाही म्हणून स्वतःचेही.

ते सगळं काल एका क्षणात पाण्यात गेलं. लेक बाळाला पाजत होती आणि तोंड वेडंवाकडं करत होती. बाळ नुसतं टोकाला लागलेलं, ओढत होतं आणि दुखवत होतं, हे बाईंना दारातूनच दिसलं. बघायचं नाही, म्हणून त्या भांडी लावायला वळल्या. परत वळल्या. मग केव्हा त्या पलंगाशी गेल्या, केव्हा बाळाचं पोट लेकीच्या पोटाशी वळवलं, केव्हा तळहात त्याच्या मानेखाली गेला, त्यांनाही कळलं नाही. बाळाने आ केला, चांगला मोठा, तेव्हा ते पुढे घेतलं, आणि ते असं लागलं की घोट गिळल्याचा आवाज खोलीत ऐकू यायला लागला. "शाब्बास राणी," बाई म्हणाल्या, "बघ कसं जमलं." आणि लेकीने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. तो चेहरा बाईंना वाचता आला नाही. ओठ थोडेसे उघडे होते. "चुकलं बाई," त्या घाईघाईने हसून म्हणाल्या, "पगाराचा आवाज लागला बघ. नाही हं, पुन्हा नाही." लेकीचे ओठ मिटले. बाकीचा वेळ ती सगळ्याला हो म्हणत राहिली.

आणि आज, राहू दे. हिशेब सरळ लागत होता. बाईंनी नियम मोडला, लेक रुसली, तिला दोन दिवस द्यावेत, संपलं. पण लेकीचा थांबा आला तेव्हा बाई उतरल्या. फडकी द्यायला आले, असं सांगायचं ठरवलं. दारातूनच देते आणि निघते, असंही. रस्त्यावर लोक आपापल्या गडबडीत होते, कुणी फुटपाथवर गाडी धूत होता, एका दुकानाचं शटर अर्धवट अडकलं होतं आणि दोघं जण ते खाली ओढायला लोंबकळत होते. लिफ्टवर बंद असल्याचा कागद चिकटवलेला. बाई चार मजले चढल्या. प्रत्येक जिन्याच्या वळणावर एक खिडकी होती आणि प्रत्येक खिडकीतून अंगण आणखी खाली गेलेलं दिसत होतं. दोन मजले चढून त्या थांबल्या, धाप लागली म्हणून, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. वरून कुठूनतरी तान्ह्या बाळाचं रडणं येत होतं. बाई ऐकत राहिल्या. भुकेचं रडणं नव्हतं ते. भुकेचं रडणं आधी कुरकुरतं, मग चढतं. हे बराच वेळ चढून आता खाली आलेलं होतं, कुणी येईल ही आशा सोडत चाललेलं. पुढचे दोन मजले बाई कठडा न धरता चढल्या.

दार विहीणबाईंनी उघडलं. सुनेच्या बाळंतपणासाठी त्या गावाहून येऊन राहिल्या होत्या. मनाच्या मोठ्या, आवाजाच्या त्याहून मोठ्या. त्यांच्या खांद्यावर बाळ होतं आणि त्या त्याला थोपटत असल्या तरी ते थोपटणं नगारा वाजवल्यासारखं होतं. या, या, त्या म्हणाल्या, मी म्हटलंच ह्याला, आईला येऊ नका म्हणून कसं सांगतोस, आई ती आई. जावई मागे उभा राहून ओशाळून हसला. त्याचा डोळ्याला डोळा लागलेला दिसत नव्हता. विहीणबाई पुढे सांगत राहिल्या, लेक गुणाची आहे हो तुमची, तक्रार म्हणून नाही, दिलं तर जेवते, नाही दिलं तर मागत नाही, आम्ही आमच्या वेळी डोकं उठवायचो सगळ्यांचं, ही नुसती भिंतीकडे तोंड करून पडून असते, अगदी शांत. बाईंनी बाळाला हातात घेतलं, छातीशी उघडं धरलं, पदर वरून घेतला, आणि ते एकदोन हुंदके देऊन गप्प झालं. त्या विहीणबाईंना एकच म्हणाल्या, तुम्ही होतात म्हणून बरं झालं. हे अगदी मनापासून होतं. मग बाळ जावयाच्या उघड्या छातीवर तसंच ठेवायला सांगून, त्यावर फडकं घालून, त्या आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती. झोपलेली नव्हती. झोपलेल्या माणसाच्या खांद्यांची उंची वेगळी असते. खोलीला दुधाचा आंबूस वास होता, पलंगाच्या पलीकडच्या खिडकीचं दार सताड उघडं होतं आणि पडदा बाहेर जाऊन अडकला होता. बाई पलंगाच्या कडेला बसल्या आणि आई म्हणून जे जे विचारता येईल ते सगळं त्यांनी विचारलं. जेवलीस का. हो आई. टाके दुखतात का. नाही आई. कोमट पाण्यात बसतेस ना. हो. झोप लागते का. लागते. माझ्यावर रागावलीयेस का? "नाही गं आई," लेक म्हणाली, "मी बरी आहे." त्या आवाजात कुठे खाडाखोड नव्हती, एक चूक नव्हती. बाईंनी तो आवाज ओळखला. पाढे संपवून पुस्तक मिटणाऱ्या, खुर्ची न वाजवता उठणाऱ्या शहाण्या पोरीचा तो आवाज होता. आई दमून आली आहे, तिला त्रास द्यायचा नाही. आणि बाईंना कळलं की आपण आई म्हणून इथे जितका वेळ बसू, तितका वेळ ही पोरगी बरीच असणार. मरेपर्यंत बरी असणार.

बाहेर जावई बाळाशी काहीतरी पुटपुटत होता. "काल तू राणी म्हणालीस," लेक भिंतीला म्हणाली.

"चुकलंच गं माझं. मी—"

"आणि लगेच माफी मागितलीस." तिने उशी जवळ ओढली. "तेव्हा मी सांगणार होते."

"मग आता सांग की."

"तुला नाही."

बाईंना ते लागलं. असं लागलं की क्षणभर उठून निघून जावंसं वाटलं. इतकी वर्षं एकटीने वाढवली, आणि तुला नाही. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की कालचे ते उघडे ओठ रागाचे नव्हते. एखादीच्या तोंडाशी शब्द आला की तिचा चेहरा कसा होतो, हे ज्या बाईला जन्मभर ठाऊक, तिने स्वतःच्या लेकीच्या तोंडाशी आलेला शब्द माफी मागून परत आत ढकलला होता. पगाराचा आवाज नको, असं पोरगी एवढी वर्षं म्हणत आली, ते तिला तो नकोसा होता म्हणून नाहीच. सगळ्या बायकांना फुकट मिळणारी ती वस्तू फक्त तिला मागता येत नव्हती.

बाई उठल्या. खोलीला लागून मोरी होती, तिथे त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, टॉवेलने पुसून एकमेकांवर चोळले. परत येऊन त्या पलंगावर लेकीच्या पाठीमागे बसल्या, तिचा सदरा वर केला, आणि दोन्ही हात तिच्या पाठीवर ठेवले. त्यांनी अवघड प्रश्न नेहमी असेच विचारले होते, पाठीमागून. समोरासमोर बसलं की बाई तुमचा चेहरा सांभाळत बसते. पाठीला चेहरा सांभाळावा लागत नाही. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे सावकाश खाली गेले, परत वर आले. पाठ लाकडासारखी होती. बाईंना भीती वाटत होती, आवाज लागेल की नाही याची. आयुष्यात पहिल्यांदा.

"इथं दुखतंय का, राणी?" लागला. खालच्या सुरातला, सावकाश, घाई नसलेला.

"इथं नाही."

"मग कुठं?"

बराच वेळ नुसते अंगठे फिरत राहिले. "सिस्टर," लेक म्हणाली. तिने आईला या नावाने कधी हाक मारली नव्हती, टेबलाच्या कोपऱ्यात बसून असतानासुद्धा नाही. "सिस्टर, मला ते बाळ माझं वाटत नाही."

हात थांबवायचा नाही, हे बाई सगळ्यांना शिकवत. हात थांबला की बाई थांबते. त्यांनी हात थांबवला नाही. "हं," त्या म्हणाल्या, "वाटतं असं कुणाकुणाला. पुढे?" आणि मग ते यायला लागलं, तुकड्यातुकड्याने, भिंतीकडे बघत. मला सगळं ऐकू येतं, सिस्टर. ते रडतं तेव्हा मी जागी असते. पडून राहते आणि दुसरं कुणीतरी उचलेपर्यंत मोजत बसते. ते चांगलं आहे, सगळे म्हणतात गोड आहे, मला दिसतं गोड आहे ते. पण कुणीतरी आपल्या घरी विसरून गेलेल्या मुलाकडे बघावं तसं मी बघते. पाजते तेव्हा घड्याळाकडे बघते. सगळे किती करतात माझ्यासाठी. मी नसते तर त्यांनी बाळाचं सगळं नीट केलं असतं.

बाईंनी ते शेवटचं वाक्य ऐकलं. यानंतर एक प्रश्न येतो. तो गोल गोल फिरवून विचारायचा नसतो, सरळ शब्दांत विचारायचा असतो. विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसलेलं येत नाही, असलेलं बाहेर पडतं. किती जणींना विचारला असेल त्यांनी तो, कसलीही धडधड न होता. आता आईचा कान, आईचं तोंड, आईची सगळी हाडं ओरडत होती, नको विचारू, विचारलंस तर उत्तर येईल. "राणी," त्या आवाजाने विचारलं, "बाळाला काही करावंसं वाटतं का?"

"नाही." हे लगेच आलं.

"स्वतःला?"

अंगठे मानेपर्यंत जाऊन परत कमरेपर्यंत आले. "खाली जावंसं वाटतं," लेक म्हणाली.

"जिन्यानं?"

"जिन्यानंही."

बाईंनी एक हात पाठीवर तसाच ठेवला, दुसरा लांब केला, अडकलेला पडदा आत ओढला, खिडकी लावली आणि कडी घातली. पाठीवरचा हात चालूच होता. मग त्या त्याच आवाजात सांगत गेल्या, जसं हजार वेळा सांगितलं तसंच. की बरं केलंस सांगितलंस. की हे दुखणं आहे, बाळंतपणातलंच, ताप येतो तसं येतं आणि उतरवलं की उतरतं. की तू वाईट आई नाहीस, तू आजारी आहेस. की आता या घरात तू एकटी राहायची नाहीस, एक क्षणसुद्धा नाही, आणि बाळाचं पाजणं सोडून बाकी सगळं इतरांनी करायचं, पाजणंही जड झालं तर त्याचीही सोय होते. आज झोपायचं, सलग झोपायचं. आणि आजच डॉक्टरांना दाखवायचं. त्यांनी गोळी दिली तर गोळीही घ्यायची.

"तुम्ही तर बिनगोळी ना?" लेक म्हणाली. ते जवळजवळ हसणं होतं.

"गोळीला मी कधी नाही म्हटलंय? मी आपली रांगेत तिच्या आधी उभी असते, एवढंच." मग त्यांनी मान वळवून दाराच्या दिशेने जावयाला हाक मारली, आणि दवाखान्यात ज्या सुरात स्ट्रेचर मागवतात त्या सुरात सांगितलं, की माझ्या वॉर्डच्या डॉक्टरीणबाईंना फोन लाव, मी सांगितलंय म्हणून सांग, आत्ता घेऊन येतोय म्हणावं. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. विहीणबाईंनी काही विचारायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली.

लेक पडून होती. हाताखालची पाठ तशीच लाकडासारखी होती. एका बैठकीत ती सुटणार नव्हती, हे बाईंना माहीत होतं. "सिस्टर," ती म्हणाली, "एक कराल? आईला नका सांगू. ती दमून येते हो."

बाईंच्या गालांवरून पाणी केव्हापासून वाहत होतं आणि हनुवटीवरून लेकीच्या सदऱ्यावर टपकत होतं. पुसायला हात रिकामा नव्हता. कुणाला सांगणार नाही असं वचन बाईला कधी द्यायचं नाही, हाही त्यांचाच नियम होता, आणि त्यांनी तो आजवर मोडला नव्हता.

"सांगावं लागेल, राणी," त्या म्हणाल्या.

"मग ती रडेल."

"रडेल," त्या आवाजाने सांगितलं. "रडू दे की. रडून झालं की तोंड धुईल आणि इथंच राहील."

लेकीने थोडा वेळ विचार केला. "बरं," ती म्हणाली, "मग सांगा."